टोपी टांगण्याचा उंच खांब, एक नग

आमच्या घरी अकरा वर्षं भाड्यानं राहिलेल्या माणसाला मी एकदाही पोटभर शिव्या देऊ शकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. संधी रोज होती. पण मी तोंड उघडलं की तो लेकाचा शांतपणे म्हणायचा, "बाई, जरा खालच्या सुरात द्या, मंग बरी लागन." अशा माणसाला शिवी देऊन काय मिळणार? राग आपला फुकट जायचा आणि वर सूर चुकल्याचा ठपका.

सगळा गाव त्याला मास्तर म्हणायचा. शाळेतला मास्तर नव्हे, लग्नाच्या बँडचा. पन्नासनंतरच्या सालांतली ही गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. जटपुरा दरवाजाच्या आत आमचं घर, पुढे ओसरी, ओसरीला लागून एक खोली, आणि त्या खोलीत मास्तर. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा तो आधीच तिथे होता, म्हणजे सासरच्या सामानासोबतच मला मिळाला असं म्हणायला हरकत नाही.

आपण बँड कुठे शिकलो हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. सासऱ्यांना सांगितलं होतं की पलटणीत. माझ्या नवऱ्याला सांगितलं की कोण्या संस्थानात. मला म्हणाला, हैदराबादेकडे एका सर्कशीत, आणि तिथला हत्ती आपल्यापेक्षा लयीत पक्का होता. यातली हत्तीची गोष्ट तेवढी मला खरी वाटली. बँडमध्ये माणसं सहा, त्यात वाजवता येणारी दोन, एक मास्तर आणि दुसरा कोण ते पुढे सांगते. बाकीचे चौघं लाल कोट घालून गाल फुगवायचे. तरी लोक त्यांनाच बोलवत, कारण दुसरा बँड थेट नागपूरहून आणावा लागायचा.

मास्तरची मुख्य खोड म्हणजे टिचकी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख त्यानं वाढवलं होतं, आणि समोर येईल त्या भांड्यावर तो ते नख मारायचा. तांब्या, घंगाळ, परात, देवघरातली घंटा, काहीही. टिचकी मारायची, डोळे मिटायचे, मान वाकडी करायची आणि निकाल द्यायचा. पंगतीत बसला की आधी पानातल्या वाटीला टिचकी. वाटी पसंत पडली नाही तर बदलून मागायची. एकदा शेजारच्या घरी बारशाला वरण वाढलेली वाटी परत केली आणि वरून सांगितलं की वरण चांगलं आहे, वाटी बेसूर आहे. त्या घरच्या बाईनं पुढची दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला. माझा काय दोष? मी त्याची घरमालकीण, हाच.

आठवडी बाजारातला भांडेवाला मात्र त्याला लांबून बघितला की पथारी गुंडाळायला लागायचा. काशाच्या नावाखाली भलतंच काही खपवायची सोय मास्तरनं ठेवली नव्हती. गल्लीतल्या बाया मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला निघाल्या की सोबत मास्तरला न्यायच्या. तो टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "कासं खोटं बोलत नाई. माणूस बोलते." भांडेवाल्याकडे बघूनच म्हणायचा. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यांचा तेव्हा नवा सोस आला होता, हलकी, स्वस्त, घासायला सोपी. मास्तरच्या मते जर्मनच्या थाळीत जेवणारा माणूस तीन वर्षांत बहिरा होतो. मी मुद्दाम जर्मनचं पातेलं घेतलं तर त्यानं ओसरीवरून उठून खोलीचं दार लावून घेतलं.

आता तो दुसरा, ज्याला खरोखर वाजवता यायचं. सोमा. सोमा झांजवाला. पस्तिशीतला, काळासावळा, बोलायला कमी. मोठ्या पितळी झांजा दोन्ही हातांत धरून तो चालायचा, आणि मी संगीतातली काही दर्दी नाही, पण सोमा झांज मारायचा तेव्हा त्या चौघांचा सावळागोंधळही एका ओळीत चालतोय असं वाटायचं. मास्तर कधी कोणाची स्तुती करत नसे. सोमाचीही नाही. फक्त सोमाला तो कधी शिवी देत नसे, यावरून काय ते समजायचं.

लग्नसराई संपली की बँडवाले मिळेल ते काम करत. सोमा आलापल्लीकडच्या जंगलात एका ठेकेदाराच्या आरागिरणीवर जायचा. तिथे सागाचं खोड सरकवताना त्याचा डावा हात पट्ट्यात गेला. खांद्याखाली चार बोटं तेवढा उरला. ठेकेदारानं त्याला बैलगाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस लावला.

लोकांना वाटलं, मास्तरही दुसरा झांजवाला बघेल. बघितला नाही. दोन वर्षं तो बँड झांजेशिवाय वाजला. लोक कुरकुरायचे, झांज नाही तर बँड कसला, नुसती बोंब. मास्तर म्हणायचा, झांज पाहिजे तर नागपूरला जा. मी त्याला एकदा विचारलं, एवढा हट्ट कशाला, गावात दोन हातांची माणसं काय कमी आहेत? तर म्हणाला, हात आहेत, कान नाहीत. आणि सोमाच्या हातात त्यानं काय दिलं? बँडच्या नावाची पाटी. एका हातानं धरायची आणि वरातीच्या पुढे चालायचं. ज्यानं वरात चालवायची त्यानं पाटी मिरवायची. लोक म्हणायचे, मास्तरनं उपकार केले, पोटाला लावलं. सोमाही म्हणायचा, उपकार झाले. पण पाटी धरून चालताना त्याची मान कधी वर नसायची. पाटीवर बँडच्या नावात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या लपवायला तो मान घालून चालतो असं मी नवऱ्याला म्हणाले होते. तेव्हा मला ते फार विनोदी वाटलं होतं.

साहेब लोक देश सोडून गेले आणि मागे त्यांचं सामान राहिलं. जंगलातल्या कुठल्याशा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला तो त्याच सुमाराला. मास्तरला तिथे बाजाची पेटी मिळेल अशी आशा होती. पेटी वाळवीनं खाल्लेली निघाली. पण एक मोठा नगारा, एक लहान ढोल आणि एक लोखंडी खांब त्याला मिळाला. नगारा-ढोल ठीक. हा खांब काय? कमरेएवढा उंच, खाली तीन पाय, पायाशी एक पट्टी, पट्टी दाबली की खांबातून एक सळई खाली जायची आणि सोडली की वर यायची. लिलावाची यादी करणाऱ्या कारकुनाजवळ मूळ इंग्रजी यादी होती, तिच्यात त्या वस्तूचं नाव होतं हाय-हॅट. कारकून मॅट्रिक होता. हाय म्हणजे उंच, हॅट म्हणजे टोपी, हे त्याला पाठ होतं. त्यानं ठळक अक्षरांत मराठीत उतरवलं: टोपी टांगण्याचा उंच खांब, एक नग.

मास्तरनं तो खांब खोलीच्या दाराशी उभा केला आणि त्यावर आपली बँडची टोपी टांगली. टोपीला झालर होती, खांबाला पट्टी होती. बाहेर जाताना पट्टी दाबायची, टोपी खाली यायची, डोक्यावर घ्यायची. मी विचारलं, कमरेशी टांगलेली टोपी नुसती उचलायला साहेबाला काय होत होतं? मास्तर म्हणाला, साहेब लोक उगीच राज्य करत नव्हते, बाई. सहा महिने आमची सगळी गल्ली ते यंत्र बघून गेली. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा आपलं पागोटं एकदा त्यावर ठेवून पट्टी दाबून बघितली आणि इंग्रजांच्या बुद्धीची वाखाणणी केली.

मग एक दिवस बल्लारशाहून रेल्वेतला एक गार्ड आला. मद्रासकडचा, ख्रिस्ती, गळ्यात क्रूस. मुलीच्या लग्नाला बँड ठरवायला आला होता. तो ओसरीवर चढला, टोपी टांगलेला खांब त्याला दिसला, आणि तो बिचारा पायरीवरच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोडक्या हिंदीत त्यानं मला दोन झाकणं आणायला सांगितली. मी माझ्या पातेल्यांची आणली. त्यानं मास्तरची टोपी बाजूला काढली, एक झाकण सळईवर, एक खालच्या बैठकीवर, खऱ्या चकत्यांना मधोमध भोक असतं म्हणाला, आणि नुसतं हातानं धरून पट्टी दाबून दाखवली. वरचं झाकण खालच्यावर येऊन आपटलं. म्हणाला, ही पायानं वाजवायची झांज आहे. तिकडे हॉटेलांत बसून वाजवतात. हात मोकळे राहतात.

गार्ड बोलत राहिला, पण मास्तरचं लक्ष तिथे नव्हतं. त्यानं टोपी उचलून डोक्यावर ठेवली, गार्डला लग्नाची तारीखही विचारली नाही, आणि तो सरळ सोमाच्या घराकडे चालू लागला.

त्यानंतर चार महिने आमच्या गल्लीत कोणाच्याही घरात एक भांडं सुखानं नांदलं नाही. खांब होता, पाय होता, झांजांची जोडी तेवढी नव्हती. मास्तरनं आधी सोमाच्या जुन्याच झांजा चढवून बघितल्या. त्या इतक्या जड की पट्टी दाबल्यावर वरची खाली आली ती वर जायला तयार होईना. मग भजनी मंडळाच्या मागून आणल्या. त्या लहान आणि जाड, वाजल्या की आरती सुरू झाली असं वाटून समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं हात जोडले. मग मास्तर कासाराकडे गेला आणि त्यानं जन्मभराचं ज्ञान पणाला लावलं. दोन्ही झांजा सारख्या पाहिजेत, गुंजभर फरक चालणार नाही. एक वजन, एक गोलाई, एक सूर. कासारानं दोन वेळा ओतल्या, दोन वेळा मास्तरनं परत केल्या. तिसऱ्या वेळची जोडी अशी जमली की टिचकी कोणावर मारली ते डोळे मिटून कळायचं नाही. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा लोक इतके गुण जुळवत नाहीत.

त्या चढवल्या त्या दिवशी सगळी गल्ली ओसरीवर. सोमानं आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून पाय पट्टीवर ठेवला. दाबला. आवाज आला फुस्स. परत दाबला. फुस्स. दोन काठ एकमेकांवर इतके तंतोतंत बसले की आतली हवा कोंडली, आणि वाजायच्या ऐवजी दोघी एकमेकींना चिकटून बसल्या. कोणीतरी हसलं. हसणारी मीच होते, लपवून काय उपयोग. सोमानं पाय काढून घेतला, चप्पल घातली, मास्तरला म्हणाला, जाऊ द्या जी, पाटी बरी हाये. आणि गेला. मास्तर तीन दिवस जेवला नाही. मी ताट नेऊन ठेवायचे, तो टिचकीही मारत नव्हता. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी मी परसात भांडी घासत होते. त्यात माझ्या आंदणातल्या दोन काशाच्या थाळ्या होत्या. आमच्या माहेरी मुलीला लग्नात थाळ्यांची जोडी देतात, घेर सारखा पण जावयाची जड, मुलीची हलकी. जावयानं मन लावून जेवावं आणि मुलीनं उरलंसुरलं, असा त्यातला अर्थ असावा, मला कोणी सांगितला नाही, मी आपला काढला. माझ्या हलक्या थाळीच्या काठाचा टवका उडालेला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाई माझ्या हातच्या भाजीला काहीबाही बोलल्या आणि मी थाळी जरा जोरात ठेवली होती, जात्याच्या पाळीवर. तर त्या दिवशी मी जावयाच्या थाळीवर माझी थाळी पालथी टाकली. चिक्.

ओसरीवरून मास्तर धावत आला. टोपीशिवाय, धोतराचा सोगा हातात.

"परत करा."

मी म्हटलं, काय परत करू?

"तेच. जे केलं तेच."

मी थाळी परत आपटली. चिक्. त्यानं मला ते वीस वेळा करायला लावलं. शेजारच्या बाया कुंपणावरून बघायला लागल्या. मास्तरनं डोळे मिटले होते आणि तो हातानं काहीतरी मोजत होता. मग त्यानं थाळी उचलली, काठावरून नख फिरवलं, टवक्याशी थांबला. तिथून हवा जात होती. चार महिने ज्यानं दोन सारख्या झांजा शोधल्या त्याला एक जड, एक हलकी आणि वर फुटकी अशी जोडी सापडली, तीही माझ्या खरकट्यात. मला वाटलं आता तरी तो शरमेल. तो म्हणाला, "बाई, तुमचा राग सुरात होता."

मी थाळ्या देणार नाही म्हणून स्वच्छ सांगितलं. आंदण ते आंदण. त्यात मधोमध भोक पाडायचं. कासार म्हणाला, कासं कडक असतं, भोक पाडताना तडकलं तर दोष देऊ नका. सासूबाई म्हणाल्या, जावयाच्या थाळीला भोक म्हणजे काय समजता, आणि त्या पदरानं डोळे पुसू लागल्या. मुलाचं आयुष्य त्या थाळीच्या मधोमध ठेवलेलं असावं अशी त्यांची समजूत होती. नवरा म्हणाला, तुमचं तुम्ही बघा, मला कशातही जेवता येतं. मास्तर रोज येऊन दाराशी उभा राहायचा. मी रोज नाही म्हणायचे. एवढा मान मला त्या घरात आधी कधी मिळाला नव्हता, तो इतक्यात सोडायची माझी तयारी नव्हती.

एक दिवस त्यानं सोमाला आणलं. सोमा काही मागायला आला नव्हता, तो परसदारी नुसता उभा राहिला. मास्तरनं माझी थाळी त्याच्या हातात दिली. सोमानं ती उजव्या हातानं उभी धरली, कानाजवळ नेली आणि तसाच थांबला. थाळी धरली तर टिचकी मारायला हात नाही, टिचकी मारायची तर थाळी धरायला हात नाही. मास्तर दुसरीकडे बघत होता. सोमा मला म्हणाला, "बाई, जरा टिचकी मारान काय? मले आयकाची हाये."

मी मारली. थाळी बराच वेळ वाजत राहिली. आवाज पार विरेपर्यंत सोमा ऐकत होता. मी आत गेले आणि जावयाची थाळीही आणून दिली.

थाळ्या तडकल्या नाहीत. कासारानं दोन दिवस घेतले आणि दोन्ही दिवस सासूबाई देवापाशी बसून होत्या. जड थाळी खाली, माझी हलकी वर. आमच्या घरात हे कधी जमलं नसतं, बँडमध्ये जमलं. नवरा जर्मनच्या ताटात जेवायला लागला आणि मी म्हणेन ते त्याला ऐकू येईनासं झालं, म्हणजे मास्तरचं तेही खरं ठरलं.

राहिला एक प्रश्न. हॉटेलातल्या माणसानं खुर्चीवर बसून झांज वाजवावी, पण वरातीचा बँड चालतो. खांब रोवून बसणार कुठे? मास्तरनं एक बंडी ठरवली, दोन पांढरे बैल, वर फळी टाकलेली. फळीवर खांब, खांबापुढे स्टूल, स्टुलावर लाल कोटातला सोमा. पायानं चिक्, उजव्या हातातल्या काठीनं वरच्या थाळीवर टिंग. महिनाभर त्यांनी झरपट नदीच्या काठानं बंडी फिरवली. बैल आधी बिचकले, मग त्या चिक्-चिक्वर पाय टाकायला लागले. मास्तर येऊन मला सांगून गेला की ते चौघं अजून चुकतात, बैल चुकत नाहीत.

पहिली वरात कोणाची असावी? माझ्या नणंदेची. सासूबाईंचं म्हणणं, घरच्या थाळ्या आहेत तर घरच्याच कार्यात वाजू द्या. जावई चिमूरकडचे. व्याह्यांची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच गेली होती, मिशी तेवढी राहिली होती, आणि गेलेली सगळी मालगुजारी ते त्या मिशीतून वसूल करत. बैठकीत त्यांनी तीन वेळा सोयरीक मोडली आणि तीन वेळा जोडली. पोरीची हळद लागली तरी सासऱ्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मुहूर्त गोरज. ऊन अजून भिंतींवर होतं. जानोशाहून, म्हणजे वऱ्हाडाच्या बिऱ्हाडाहून, बँड निघाला तेव्हा व्याही आत फराळाला बसले होते, ते मागून येऊन मिळाले. मी मांडवाच्या दाराशी पंचारती घेऊन उभी होते आणि गल्लीच्या तोंडापासून ऐकत होते. चिक्, चिक्, चिक्. आधी आमच्या थाळ्या ऐकू आल्या, मग बँड, मग बैल दिसले आणि वर सोमा. त्याची मान वर होती. दोन वर्षांत मी ती मान वर बघितली नव्हती. त्याची बायको गल्लीच्या कडेला तेंदूपत्त्याचा भारा खाली ठेवून उभी होती आणि ती त्याच्याकडे बघायच्या ऐवजी लोकांच्या तोंडांकडे बघत होती.

मांडव वीस पावलांवर राहिला असेल. सोमाच्या कोटाची डावी बाही पिनेनं आत खोचलेली होती. गचका बसून पीन सुटली, आणि रिकामी बाही खाली लोंबायला लागली. व्याह्यांनी ती बघितली. ते सगळ्यांना ओलांडून पुढे आले आणि बैलांच्या समोर, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बंडी थांबली, मागे नवरदेवाचा घोडा थांबला, चौघांनी गाल सैल सोडले.

"नवरदेवाच्या मोरं थोटा बसवला?" व्याही म्हणाले. "हा उतरन तवाच घोडा मांडवात जाईन. नाई तर घोडा चिमूरले परत जाईन."

सासऱ्यांनी पागोटं हातात घेतलं. नवरा हात जोडून उभा राहिला, कोणापुढे ते त्यालाही माहीत नसावं. आत बोहल्याशी नणंद मुंडावळ्या बांधून बसली होती. सूर्य खाली चालला होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण अवघड बोलायचं असलं की त्या घराला माझं तोंड आठवायचं.

आणि मी निघाले. आज कोणी विचारलं तर मी काहीही सांगू शकते, की मी व्याह्यांना चार शब्द सुनवायला निघाले होते. तसं नव्हतं. मी सोमाला उतरवायला निघाले होते. आमची पोर आत बसली होती आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. बंडीपाशी गेले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, सोमाभाऊ, थोडा वेळ उतरता का, लग्न लागेपर्यंत.

सोमानं रिकामी बाही उचलून मांडीवर ठेवली. पट्टीवरचा पाय तसाच होता. तो माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाला, "बाई, दोन साल उतरूनच तं होतो ना जी."

 मास्तर पुढून चालत आला, क्लॅरिनेट हातात. इतक्या वर्षांत त्यानं लय दुसऱ्या कोणाला ठरवू दिली नव्हती, हाताची दोन बोटं उचलल्याशिवाय त्याच्या बँडात कोणी श्वाससुद्धा घेत नसे. मला वाटलं आता हा सुरांचं काहीतरी काढेल. तो व्याह्यांकडे गेलाच नाही. त्यानं मागे वळून त्या चौघांना सांगितलं, "लय सोमाची हाये. धरा."

सोमानं पाय दाबला. चिक्. दुसऱ्या चिक्ला बैलांनी पाय उचलले, महिनाभर त्यांना तेच शिकवलं होतं. व्याह्यांची मिशी काय असते हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बंडी हलली. क्लॅरिनेट तोंडाला लावता लावता मास्तर मला म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. आता ते थांबाचे नाईत."

मी बाजूला झाले. व्याहीही झाले.